सांदवाडीतला वास

पहिल्या दिवशी वाटलं, उंदीर.
धानाची कोठी सरकवली.
खाली निघाली एक चप्पल, दोन कंचे
आणि सासऱ्यांचा हरवलेला चष्मा,
ज्याच्यापायी मागच्या संक्रांतीला
घरात चार दिवस कोणी कोणाशी बोललं नव्हतं.
उंदीर नव्हता.

वारा फिरला की वास घरात यायचा
पाहुण्यासारखा, चपला न काढता.
रोहिण्या लागलेल्या. कवेलू तापून तडकायचे.
यांनी वर चढून मेलेलं मांजर शोधलं.
उरकुड्यांच्या यशोदाकाकूंनी कुंपणावरून विचारलं,
"काय मेलं वो बाई तुमच्या इकडे?"
मी म्हटलं, "तुमच्याकडचंच असन."
झालं. त्या दिवसापासून ताक बंद.

दुसऱ्या दिवशी कवडूभाऊला बोलावलं.
तो ग्रामपंचायतीत रोजंदारीवर.
सकाळी नळ सोडतो,
आणि गावात काही मेलं की त्याला निरोप जातो:
फुगलेली म्हैस, बोडीतलं कुत्रं,
शाळेच्या टाकीत पडलेलं माकड.
लग्नाचा निरोप मात्र उशिरा पोचतो,
असं त्याची बायको म्हणते.

पोतं, फावडं, तोंडाला दुपट्टा.
अंगणात उभा राहून तो नाकानं ऐकत राहिला,
मग सरळ सांदवाडीत गेला,
न्हाणीच्या पाण्यावर वाढलेल्या केळीमागं,
आणि तिथंच थांबला.
हाक नाही, खोकला नाही.
"कुत्रं आहे का जी?" मी चौकटीतून.
"येऊन पाहा."

जमिनीतून निघालं होतं ते.
पान नाही, देठ जेमतेम.
जांभळं खाल्लेल्या जिभेचा रंग,
त्याहून गडद, कढईच्या बुडाकडे जाणारा.
कडेनं झालर, मधोमध सुरकुतलेला गोळा,
मेंदू म्हणा, मूठ म्हणा,
आणि माश्यांची गर्दी,
हळदीला बायकांची असते तशी.
हात जवळ नेला तर ऊब लागली.

सुरण.
चार वर्षांमागं सासूबाईंनी वडशाच्या बाजारातून आणून
पुरलेला एक गड्डा.
उघडलेल्या छत्रीसारखं एकच पान यायचं, जायचं.
सुरणाला फूल असतं?
मी जन्मात त्याची भाजीच पाहिलेली,
घसा खाजू नये म्हणून चिंच घातलेली.

कवडूभाऊनं दुपट्टा सोडला.
उकिडवा बसला, छातीभर वास घेतला
आणि हसला.
दात फार सुरेख आहेत त्याचे.
"बावीस वर्सं झाली," म्हणाला,
"या वासाच्या मांगं मांगं चालून राह्यलो मी.
येकडाव तरी जितं निघालं."

मी पन्नासाची नोट पुढं केली.
"उचललं काय मी काही?"
पोत्याची घडी काखेत मारली.

चहा ठेवला. त्याला कशात द्यावा,
हा प्रश्न फडताळाशी माझ्या हाताला पडला,
क्षणभर. पडला, हे इथं लिहून ठेवते.
कपबशीत दिला. आमच्याच.
बशीत ओतून, फुंकर न घालता प्यायला तो,
केळीकडे तोंड करून.

तिसऱ्या दिवशी वास गेला.
फूल कलंडलं, काळपट लगदा झाला.
ताक आलं, वर मीठ घातलेलं.
केळीमागं आता नुसती जागा आहे;
धुणं वाळत घालताना
माझं पाऊल तिथं जरा वाकडं पडतं.
आणि नळ सोडायला जाताना कवडूभाऊ
आमच्या कुंपणापाशी सायकल हळू करतो,
नाक वर करून,
मग उगाच घंटी वाजवतो.