पाहुण्यांना उठवण्याचा क्रम

रविवारी हेस्कॉमचं शटडाऊन, दहा ते पाच.
नोटीस कानडीत. खाली कुणीतरी पेनानं मराठीत:
"फर्नेस रात्रीच रिकामी करा."
सर्व्हरचं नाव कुणी घेतलं नाही. कोण घेतं?
उद्यमबागच्या या फाउंड्रीत मी ओतत नाही, घासत नाही,
स्टोअरमागच्या गार खोलीत
एका यंत्राच्या पोटातली पाच यंत्रं सांभाळते.

यजमान एक. पाहुणे पाच.
एकाला सगळ्यांची नावं पाठ,
एक आकडे धरून बसतो, एक बिलं फाडतो,
एक गेटवरची बोटं मोजतो,
आणि पाचव्यावर आधीच्या माणसानं नुसतं "हळेदु" लिहिलंय.
हळेदु म्हणजे जुना. जुना काय, ते तो सांगून गेला नाही.
बंद केला आणि उठलाच नाही तर?

दहाला म्हणाले, नऊ छत्तीसलाच घेतली.
यूपीएस अठरा मिनिटं देतो. बॅटरी थकलीय, मी सोळा धरते.
बिलांना सांगितलं, आवर आणि झोप.
आकड्यांना, हातातलं पुरं लिही, मग झोप.
त्यांना घाई करायची नाही. एकदा केली होती,
मार्चचं खातं जूनपर्यंत टाके घालत बसले.
हळेदुला फक्त, आहेस तसा थांब.

थांब म्हणजे बंद नव्हे.
घास तोंडाशी, शब्द अर्धा,
तसाच्या तसा डिस्कवर उतरवून ठेवायचा,
वीज आली की उरलेलं अक्षर तिथूनच.

गेटवाला बंद व्हायला फार वेळ लावतो.
मिनिटं संपत आली होती.
त्यालाही थांबच म्हटलं. नऊ बावन्न.

मग नावं पाठ असलेला, मग यजमान. पंखे गप्प झाले
आणि तीन वर्षांत पहिल्यांदा
भिंतीपलीकडे वाळू चाळल्याचा आवाज आला.
मल्लव्वा चाळणी घेऊनच डोकावली.
"काय करूलालीस ग अंधारात?"
"पाच जणांना निजवलंय."
"अगंबाई. कुणाची पोरं?"

पाच दहाला वीज आली, गेली, पुन्हा आली.
पहिल्या विजेला दार उघडायचं नाही.
आधी तो, ज्याला नावं पाठ,
तो उठल्याशिवाय बाकीचे एकमेकांना ओळखत नाहीत.
मग काहीच करायचं नाही.
काही न करणंही रकान्यात भरावं लागतं: १२० सेकंद.
मग आकडे. मग बिलं.
उलटं झालं की बिलं रिकाम्या घरात हाका मारत फिरतात
आणि लाल होऊन पडतात.

थांबलेल्या दोघांना उठवायचं नसतं,
खांद्यावरचा हात तेवढा काढून घ्यायचा.
हळेदु काहीतरी करू लागला. काय कोण जाणे. बरं वाटलं.
गेटवाल्याच्या घड्याळात नऊ बावन्नच.
मी काटे ओढून संध्याकाळवर आणले,
पण शट्टुप्पा मुतगेकर त्याच्या लेखी अजून आत होता.
दहाला पाच कमी असताना शट्टुप्पानं बोट टेकवलं होतं,
सेलवरचा हिरवा दिवा लागलाही होता,
पलीकडे घ्यायला कुणी नव्हतं.

सोमवारी आठला तो खिडकीशी.
"बाई, घरी जाऊन जेवून झोपून आलोय की!
मग छत्तीस तास तुमच्या मशीनीत कोण बसलाय?"
मी सांगत गेले, थांबवणं, उतरवणं, पुन्हा तिथूनच.
तो ऐकत राहिला. मग म्हणाला,
"आमचा बा एका राज्यात निजला, दुसऱ्यात उठला.
खाट तीच. म्हशी त्याच.
त्याला बी असंच न विचारता उतरवलं असंल."
आणि ओव्हरटाइम खोडू देईना, हसत होता.

गेटवाल्याची ओळ बदलली: यापुढे पूर्ण बंद, आणि सगळ्यांत आधी.
क्रम कागदावर लिहून दारामागे चिकटवला,
मी मराठीत, खाली विजेचं बघणाऱ्या रुद्रगौडानं कानडीत.
त्याचं अक्षर माझ्याहून चांगलं.
पाचव्या ओळीशी आधी माझं पेन थांबलं,
मग त्याचं.