चार वेढे जास्त

आयसीला पाच व्होल्ट लागतात.
पाव इकडे, पाव तिकडे चालतं,
त्यापुढे त्याचं डोकं फिरतं.
आणि आमच्या लष्करात संध्याकाळी सातला
भिंतीतून येतात एकशेसाठ,
रात्री बाजार निजला की अडीचशे.

हे मला ठाऊक होतं. तरी
जिवाजीगंजात, दिघे डॉक्टरांच्या दवाखान्यात,
नंबरांचा बोर्ड मी बसवला
नऊ व्होल्टांच्या तयार ट्रान्सफॉर्मरवर.
स्वस्त होता. पुस्तकातही तोच होता.

पहिल्याच शनिवारी शेजारची गिरणी सुरू झाली.
ट्यूबलाइटनं एकदा डोळा मिटून उघडला
आणि बोर्डावर सतरानंतर
लालभडक एक्केचाळीस.
एक्केचाळीसवाले तोमर मिशी सावरत उठले.
अठरावाल्या शितोळेकाकू दारातच आडव्या.
"मशीन झूठ बोलेगी क्या?"
"मशीनचं मला नका सांगू,
ती करणारीला पाढे मी शिकवलेत!"
डॉक्टरांनी खडू मागवला.
मला काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

रात्री वही उघडली.
नऊ म्हणजे शिखराशी पावणेतेरा,
पण ते भिंतीत दोनशेतीस असताना.
एकशेसाठला जेमतेम पावणेनऊ.
जाताना एक डायोड, येताना एक,
दोन नाक्यांवर मिळून दीड व्होल्ट जकात.
उरले सव्वासात.
दोन शिखरांच्या मध्ये कपॅसिटर ओसरतो,
तेव्हा सव्वासहा.
आणि रेग्युलेटरचं म्हणणं स्पष्ट आहे:
सात द्या, तर पाच देईन.
त्याच्या घरी दोन शिल्लक नसतील
तर तो दारातून हात बाहेर काढत नाही.

बारा घेतला तर संध्याकाळ निभते.
पण रात्री, अडीचशेला,
जास्तीचे बाराच्या बारा व्होल्ट
त्या तीन पायांच्या जिवानं
नुसते जाळत बसायचे.
बोट लावलं तर फोड.

मी मध्ये दहा लिहिले. खाली दोन रेघा ओढल्या.

दहा बाजारात मिळत नाही.
लोहिया बाजाराच्या मागच्या गल्लीत मुनव्वर चाचा:
"नौ ले जाओ, बारह ले जाओ,
ये दस क्या होता है, बिटिया?"
मी वही पुढे केली. त्यांनी ती पाहिली नाही.
डोक्यावरच्या बल्बकडे पाहिलं,
पिवळा, दमलेला, सातच वाजले होते,
आणि चक्राला तार लावली.
व्होल्टाला आठ वेढे. ऐंशी.
ओठ हलत होते. उनहत्तर, सत्तर...
ऐंशीवर थांबले नाहीत.
"चार अपनी तरफ़ से," तार तोडत म्हणाले,
"शाम को काम आएँगे।"

तहान लागल्यावर विहीर खणत नाहीत,
हे मला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणजे आयसीच्या बाबतीत.
मोठा कपॅसिटर हौदासारखा, अंगणात.
आयसीला घोट हवा असतो
क्षणाच्या कोट्यंशात,
तेवढ्यात हौदापर्यंत कोण जाऊन येणार?
मग प्रत्येकाच्या उशाशी
एकेक फुलपात्र भरून ठेवलं,
सिरॅमिकचं, हरभऱ्याच्या डाळीएवढं.

शनिवार. गिरणी सुरू झाली.
ट्यूबलाइटनं डोळा मिटला.
सतरा.
अठरा.
कुणी वर पाहिलंसुद्धा नाही.
शितोळेकाकू पदर सावरून आत गेल्या,
जणू अठरा सतरानंतरच येतो, त्यात काय.

दवाखाना बंद होताना मी
ॲल्युमिनियमच्या पंखांवर तळहात ठेवते.
हिशेबानं ते चार वेढे म्हणजे
शिखराशी पाऊण व्होल्ट,
वॅटचा साधारण तिसरा हिस्सा,
रोज रात्री, निव्वळ वाया.
वहीत मांडून ठेवलं आहे. खोडलं नाही.
चाचांना दाखवायला नेलं असतं,
तर चष्मा न लावताच म्हणाले असते,
"जाड़े में हाथ सेंक लेना।"