ओळ सत्तेचाळीस

झ्वोनिमिर, तुझ्या हातची एक ओळ आज मी खोडली.
पत्रास कारण की
दुपारी चारला बातमी आली,
आपला मेल सर्व्हर उसवलाय.
आपलाच नव्हे, जिथे जिथे हा बसवलाय तिथला प्रत्येक.
पाठवणाऱ्याच्या नावाची लांबी
कुणी कधी मोजलीच नव्हती.
नाव पुरेसं लांब असलं
की चौकटीतून सांडतं,
शेजारच्या कप्प्यात शिरतं
आणि तिथे बसून हुकूम सोडतं.
एकोणीस वर्षं हे असंच. एवढं लांब नाव असतं कुणाचं, म्हणून.

तू म्हणाला असतास, माझ्या आजीचं होतं.
बोटीतून उतरली तेव्हा बंदरावरच्या कारकुनानं
रकाना संपला तिथे तोडलं.

दुरुस्ती नऊ ओळींची.
कुणी केली ठाऊक नाही, खाली दोन अक्षरांची सही.
आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठं लावायचं म्हणतात,
तर इथे: तिसरी फाइल, ओळ आठशे दोन,
जिथे 'कमी किंवा तेवढंच' होतं
तिथे आता नुसतं 'कमी'.

सगळ्यांना घरी पाठवलं.
पुंता अरेनासच्या या जुन्या लोकरीच्या गोदामात
मी, यंत्र, आणि पत्रा उचकटू बघणारा वारा.
कोपऱ्यावर दोर बांधलेत ऑक्टोबरचे,
माणसं उडू नयेत म्हणून.
खिडकीतून पाहिलं, एक बाई दोराला धरून
पाव छातीशी घेऊन गेली.

अकराला सेवा थांबवली.
दोनशे चौदा पत्रं दाराबाहेर ताटकळली.
खेकड्यांच्या बोटींची, दवाखान्याची,
शाळेच्या सहलीची असतील.
मी उघडत नाही. कुणाकडून, कुणाला, वजन किती,
पोस्टमनला दिसतं तेवढंच मला दिसतं.

नवी आवृत्ती चढवली. उठेना.
'ओळ सत्तेचाळीस मान्य नाही.'

ओळ सत्तेचाळीस:
या एका पत्त्याला परवलीचा शब्द विचारू नये.
वर तुझी टीप:
हात लावू नका. झ्वोनिमिरला विचारा.

विचारते ना.
जानेवारीत तुझ्यावर माती टाकली
ती डाव्या हातानं, उजवा टोपी धरण्यात अडकला होता.

जुन्या नोंदी उपसल्या.
रोज पहाटे तीन चाळीसला एक पत्र,
काबो सोर्दोच्या दीपगृहातून,
जिथे माणूस राहत नाही.
तुझी पेटी आता माझ्या नावावर आहे
म्हणून तेवढं उघडलं.
'वारा पश्चिम, शहाण्णव. दिवा चालू.'
बस. ना मायना, ना सही.
असली पाच हजारांवर,
आणि आठ जानेवारीपर्यंतची
एकूण एक वाचलेली.

ते यंत्र म्हातारं. परवलीचा शब्द
त्याला येत नाही, शिकवायची सोय नाही.
त्याच्यासाठी तू दार नुसतं लोटून ठेवलंस.
पण लोटलेल्या दाराला
ढकलणारा हात कुणाचा ते कळत नाही, झ्वोनिमिर.
हे तूच मला शिकवलंस, पहिल्याच आठवड्यात,
आणि घरी जाताना कडी न लावता गेलास.

एक दहाला खोडली.
सर्व्हर उठला, मुकाट,
जणू कधी पडलाच नव्हता.
दोनशे चौदा आत आली, एकेक करून, नाव मोजून.

जायला हरकत नव्हती. मी माते उकळत बसले.
तीन चाळीसला आलं.
'ओळख पटत नाही.'
दहा मिनिटांनी पुन्हा.
मग अर्ध्या तासानं, मग नाही.

उद्या येईल. उद्याही हाकललं जाईल.
आणि मी फाइलच्या तळाशी
ती नकाराची नोंद शोधीन.
ती सापडली म्हणजे तिकडे वीज आहे,
वीज आहे म्हणजे बहुतेक दिवाही.
वाऱ्याचा आकडा तेवढा आता कळायचा नाही.

पत्र्याचा एक खिळा आत्ताच निघाला.
सकाळी शिडी आणायला हवी.
कळावे.