हातचे बारा हजार

टायरवाला गुडघ्यावर बसतो, फीत लावतो,
चाकाच्या कमानीवर खडूने रेघ ओढतो.
उणे अठ्ठावीस. त्याच्या मिशीवर त्याचाच श्वास गोठलाय.
"बाई, ही चाकं हिच्या मापाची नाहीत.
कुणी घातली?"

गालसानने घातली.
अकरा वर्षांपूर्वी, पोरगा पाचवीत होता तेव्हा,
पंधराची काढून सोळाची, वर जाडजूड रबर,
कारण गुरांचा डॉक्टर डांबरावर राहत नाही
आणि ओढा ओलांडताना गाडीचं पोट घासायचं.
उंची किती वाढली? बोटभर.
तेवढ्यावर आठवडाभर शीळ घालत फिरला.
स्टिअरिंग पूर्ण वळवलं की चाक आतून खरडायचं,
खर्र. खर्र.
तो म्हणायचा, मग पूर्ण वळवायचंच नाही.

तुगुल्दुरला आता अठराची हवीत.
चकचकीत, पाच आऱ्यांची,
रबर म्हणाल तर वहाणेचा पट्टा.
"आई, शोभतील."
शोभतील रे. दुकानात भिंतीवरही शोभतायत.
पण उलानबातरचे खड्डे मार्चमध्ये बघ,
बर्फ वितळला की दात विचकून बसतात.
रिम आणि रस्ता यांचं थेट भांडण लावू नये,
मध्ये समजूत घालणारं चार बोटं रबर लागतं.
ते काम या घरात मी तीस वर्षं केलंय.

टायरवाला हसतो. त्याचं नाव लुव्सान,
एका हाताला चारच बोटं.
"अंथरूण पाहून पाय, बाई, आणि कमान पाहून चाक."
मग पुठ्ठ्याच्या खोक्यावर आकडेमोड करतो.
चाक मोठं, म्हणजे एका फेरीत रस्ता जास्त कापला जातो.
गाडी फेऱ्या मोजते. रस्ता ती कधी बघतच नाही.
तिने शंभर म्हटलं की खरे एकशे सहा.
"या चाकांवर किती झाले?"
दोन लाख.
"मग वरचे बारा हजार कुठेच लिहिलेले नाहीत."

बारा हजार.

हातचं राखून बोलणारा माणूस,
त्याची गाडीही तशीच निघाली.
ऐंशीच्या वर कधी जात नाही, अशी शपथ घ्यायचा,
आणि काटा साक्ष द्यायचा. पंच्याऐंशीने जात होता मेला,
स्वतःलाही न कळता.
दगडांच्या प्रत्येक ओवूला तीन प्रदक्षिणा, त्या धरू.
कुणाची घोडी अडली म्हणून सोडलेली वाट, तीही धरू.
चेचेरलेगला मुक्काम पडला म्हणाला ती रात्र,
त्या रात्रीबद्दल मी विचारलं नाही,
काटा तर काय, मुळातच कमी बोलायचा.
तरी सगळं मिळून बारा हजार होत नाहीत.
गेल्या वसंतात गेला,
घरात, खाटेवर, शून्य वेगाने.
आता हिशेब कोणाशी जुळवू?

"बाई, तुम्ही जाता कुठे?"
दवाखाना. नातीची शाळा. शनिवारी बाजार.
आणि पांढऱ्या महिन्यात एकदा दिरांकडे,
शेवटचे चाळीस किलोमीटर माती.
"मग पंधराचीच घाला. हिची मूळची."

काळी, लोखंडी, भाकरीच्या तव्यासारखी चाकं.
पोरगा तोंड फिरवून फोनमध्ये बघतो.
चार नट, पाना, धाप्पकन् गाडी खाली येते,
खुर्चीवरून कुणीतरी उठल्यावर
गादी वर येते ना, त्याच्या बरोबर उलट.
जुनी चारही डिकीत टाकायला सांगितली.
"विकत का नाही?" तुगुल्दुर.
बघू.

बाहेर कोळशाचा धूर, चार वाजताच संध्याकाळ.
काटा आता खरं बोलतोय: चाळीस म्हणजे चाळीस.
खरं हळू असतं, हे विसरले होते.
आमच्या गल्लीच्या तोंडाशी, जिथे तो नेहमी
दोनदा मागेपुढे करून गाडी आत घ्यायचा,
तिथे मी स्टिअरिंग पूर्ण वळवलं.

काहीच खरडलं नाही.

परत वळवलं. उगाच.