सुई मोडल्याची वही

सुई मोडली की तिचे सगळे तुकडे
वहीत चिकटपट्टीखाली डकवायचे,
तारीख, लाईन, सही. मगच नवी सुई.
एक टोक जरी सापडलं नाही
तरी अख्खी लाईन बंद, लोहचुंबक घेऊन सगळ्या ओणव्या.
सित्रातल्या कारखान्यात ही वही माझ्याकडे होती,
अकरा वर्षं.

युनियनची वही उम्म जाफरकडे.
तिची शिलाई बेताची, भांडण पक्कं.
अबायाच्या बाह्या कोपरापर्यंत सारून
मॅनेजरच्या टेबलावर बसायची, खुर्चीत नाही.
पंख्यांसाठी भांडली, पंखे आले.
बसभाड्यासाठी भांडली, अर्धं आलं.
या परदेशी बायकांचे पासपोर्ट कपाटातून काढा म्हणाली,
तेव्हा तिच्याच गावच्या बायका म्हणाल्या,
हे आपलं काम आहे का?
मी काही बोलले नाही.
चिकटपट्टी दातानं तोडत बसले.

मग कसलीशी सवलत संपली, अमेरिकेची.
ऑर्डरी जीन्सवरून पायजम्यांवर आल्या,
पायजम्यांवरून नाड्यांवर.
तीनशे बारा सभासदांचे शंभर, शंभराचे एकोणीस.
शेवटच्या बैठकीत चहा उरला.
मोर्शेदाला विमानात बसवलं, चंद्रलता कुणाच्या घरी भांड्यांना.
मशिनं कंटेनरात भरून दुसऱ्याच मुलखात गेली.
तिथल्या पोरींना कुणी सांगितलं असेल का,
बारा नंबरची ओव्हरलॉक उजवीकडे ओढते?

आता मुहर्रकची गल्ली, एक शटर, चार मशिनं, शाळेचे गणवेश.
अशी बावीस दुकानं. कुठे तिघं, कुठे दोघं.
एवढ्याशांची कुठे युनियन होते,
असं मीच सांगत असते सगळ्यांना.

ईदच्या शिलाईत, रात्री दोनला
उम्म जाफर आली. गुडघे गेलेत तिचे.
कापडाच्या गठ्ठ्यावर टेकली, वही काढली,
तीच, मागची पानं कोरी.
"बिजले, नावं सांग," तिच्या त्या मोडक्या हिंदीत,
"दुकानांची नको, माणसांची."
मी बोटांवर मोजत गेले:
इस्त्रीवाला झरीन गुल. काजंवाली सुभद्रम्मा.
मुख्तार... पण तो मालकाचा मेहुणा.
ती थांबली.
"त्याला पेन्सिलीनं लिहू."

एक्केचाळीस झाली. सगळी नाहीत.
चंद्रलताचा नंबर लागत नाही.
"पहिलं काय मागायचं?"
"पासपोर्ट," मी म्हटलं,
जरा मोठ्यानंच.

मागच्या मशिनवर कट्‌कन सुई मोडली.
बोलणं तसंच टाकून
आम्ही दोघी सवयीनं खाली वाकलो.