टिक आणि टॉक

शिकागोत तेव्हा मी तळघरं मोजायचो.
संध्याकाळी सहाला पितळी खुणेवर पट्टी उभी करायची,
दुर्बिणीतून आकडा वाचायचा, वहीत उतरवायचा:
उणे एक अष्टमांश इंच.
काल एवढं नव्हतं.

खाली, चाळीस फुटांवर, दाबलेल्या हवेत
श्तेफानची टोळी निळी माती कापत होती.
घोड्याच्या नालेसारखी सुरी, दोन मुठी, पुढे दोर.
दोर ओढला की खरवसाची वडी सुटावी
तशी लांब ओली पट्टी सुटायची,
आणि रिकामी झालेली जागा रिकामी राहायची नाही.
मागची माती हळूच पुढे यायची.
श्तेफान म्हणायचा, बोगदा दहा गाड्यांचा,
आम्ही भरतो अकरा.
अकरावी कुणाची?

अकरावी वरची.
रस्त्याची, फरसबंदीची,
हेडविग लुंडक्विस्टच्या घड्याळांच्या दुकानाची.

तिला माझी वही लागत नसे.
"टिक लांबलंय," ती म्हणायची. "टॉक आखूड."
भिंत कलली की ठोके लंगडतात.
ती घड्याळाचा खालचा कोपरा करंगळीनं सारायची,
कान लावायची, पुन्हा जरासं,
मग पेन्सिलीनं नवी रेघ.

रविवारी काम बंद. माती नाही बंद.
सोमवारची रेघ सगळ्यात लांब पडायची.
हे मी साहेबांना सांगितलं, कुणाचं निरीक्षण ते नाही सांगितलं.
शनिवारी रात्री तोंडाला फळ्या ठोकल्या, हवा वाढवली.
रेघा जवळ आल्या.

मग शेजारून दुसरा बोगदा निघाला, पोलादी ढाल घेऊन.
ढाल जॅकनं मातीत रेटतात.
माती जाणार कुठे?
फरसबंदी तव्यावरच्या भाकरीसारखी फुगली.
"आता टॉक लांब," हेडविग हसत म्हणाली.
मी वहीत पहिल्यांदाच अधिकचं चिन्ह काढलं.

चढलं तेवढं उतरेल, साहेब म्हणाले.
त्याहून जास्त उतरलं.
मळली गेलेली माती पाणी सोडत बसते,
अस्तर झालं तरी, गाड्या धावल्या तरी,
श्तेफान दुसऱ्या शहरात गेला तरी.

वही जमा करायच्या दिवशी
तिनं एक घड्याळ खाली उतरवलं.
मागे रेघांची दाटी,
आणि सगळ्यात तळाशी एक फिकी,
बोगद्याच्या कितीतरी आधीची.
"समोरची बँक उभी राहिली तेव्हाची," ती म्हणाली.
"नवऱ्यानं ओढलेली."

घड्याळ परत टांगलं. लंबकाला झोका दिला.
टिक.
आम्ही दोघं
वाट बघत राहिलो.