सुट्टे

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
दस्तगीर शिकलगारच्या शेडमध्ये आम्ही चिल्लर बघत बसतो.
तो डाय बनवणारा, चाळीस वर्षं.
मी केएमटीचा कंडक्टर होतो.
पत्र्याच्या डब्यात पावणेदोन किलो जमलंय :
फुलासारख्या कडेचे दहा पैसे, षटकोनी वीस,
गेंड्याची पावली,
भिकारीसुद्धा परत करतो ते सगळं.

घड्याळजीचं भिंग तो भुवईनं आवळून धरतो.
मधलं बोट पेरापर्यंतच आहे,
बाकीचं प्रेसनं ठेवून घेतलं.
"ह्यो ओरखडा. टाक तिकडं."
"ही बघ, भेग."
मला दोन्ही रेघाच दिसतात.
"नख फिरव की."

ओरखड्यात नख उतरतं.
भेगेवर नख चढतं.

"साचा तडकला की फटीत धातू शिरतो गा.
तिथं खोल, म्हणून हितं उंच.
नाण्याला कायबी झालेलं न्हाई."

तो बोलत राहतो, मी खडूनं फरशीवर ढीग आखतो.
सालाखाली चौकट म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद.
ह्या सालातला आठ बुजलाय, साच्यात वंगण बसलं होतं.
ह्याची कड चंद्रासारखी खाल्लेली,
पट्टीत आधीच भोक होतं, पंच पुन्हा त्याच्यावर पडला.
गुजरीतला एक पोरगा येऊन फोटो काढून गेला.
म्हणाला, अशाला पैसे येतात काका.
दस्तगीर म्हणाला, पैशालाच पैसे?
आणि बराच वेळ खोकत हसला.

"आणि ते चिकटलेलं?" मी विचारतो.
दर सोमवारी विचारतो.
तोही दर सोमवारी सांगतो, पहिल्यांदा सांगितल्यासारखं :
"आधीचं नाणं साच्यालाच चिकटून ऱ्हातं.
त्येच्यावर फुडची चकती येती.
मग तिला एका बाजूला सिंह,
आन दुसऱ्या बाजूलाबी सिंहच,
पर आत दबलेलं, उलटं.
किंमत उठतच न्हाई तिच्यावर."
"पण खरं?"
"टांकसाळीतनं आलंय म्हटल्यावर?"

वडणग्याची गाडी होती, सकाळची.
मेथीच्या पेंढ्या ओल्या फडक्यात, मांडीवर.
तिनं आठाणे दिले.
मी फिरवून बघितलं. पुन्हा फिरवलं.
भारत होता, पण आरशातल्यासारखा.
ह्याच्यावर किंमत कुठाय, मी म्हणालो.
ती म्हणाली, मला काय वाचता येतंय,
बाजारात कुणीतरी दिलं, मी घेतलं.
गाडीतले सगळे बघत होते.
मला तेव्हा नवीन युनिफॉर्म होता.
खोटं आहे, उतरा, म्हणालो.
एक बेल. शिवाजी पुलाच्या अलीकडं.
तिनं नाणं पदराच्या गाठीत बांधलं,
माझ्याकडं न बघता,
टोपली डोक्यावर घेतली.

मग दोन बेल.

दस्तगीरला हे मी सांगितलेलं नाही.
त्याला वाटतं, मला चिकटलेलं नाणं आवडतं, बस.
"घावंल की," तो म्हणतो, "डबा कुठं संपलाय?"
आणि मूठभर ओततो फरशीवर.
मी एकेक उचलतो, सिंह बघतो,
उलटताना अजून
जरा थांबतो.